हे सच्ची में झालं होतं काय?

पुस्तकाच्या उघड्या पानावर ती आपला पंजा पालथा ठेवायची, पान पळून जाईल की काय अशा भीतीने, आणि मान वर करून विचारायची, "पण काका, हे सच्ची में झालं होतं काय?"

पुस्तक माझं असायचं, वाचणाराही मीच असायचो, आणि प्रश्न नेमका अशा वेळी यायचा की समोरच्या दोन-तीन बायकांनी डोळ्यांना पदर लावलेला असायचा. मला दर वेळी धक्का बसायचा. माझी बायको म्हणते की मला चहा गार झाला तरी धक्का बसतो, आणि त्यात तथ्य आहे. पण या मुलीने दिलेले धक्के निराळे होते. त्यातला शेवटचा याच उन्हाळ्यात बसला आणि तो अजून ओसरलेला नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. बदली होऊन रायपूरला आलो, नव्या रायपुरातल्या एका कार्यालयात फाइली हलवतो आणि समता कॉलनीत राहतो. आल्या आल्या मला पहिला धक्का इथल्या मराठीने दिला. 'काय करून राहिले' असं कुणी विचारलं की मी उत्तर द्यायचं सोडून त्यांचं वाक्य मनात दुरुस्त करत बसायचो. मग मराठी कानावर पडावं, आणि खरं सांगायचं तर आपलं मराठी लोकांच्या कानावर पडावं, म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी कथावाचन सुरू केलं.

वाचन संपलं की प्रत्येकाने 'मी यातून काय घेतलं' ते सांगायचं, असा तिथे रिवाज पडला. कुणी त्याग घ्यायचं, कुणी संस्कार घ्यायचं. एक निवृत्त इंजिनिअर दर वेळी चिकाटी घ्यायचे, कथा कसलीही असो. सगळ्यांचं घेऊन झालं की पोहे यायचे.

या मेळ्यात ती आली ती वडिलांच्या हुकमावरून. तिचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. वडिलांचं पंडरीच्या कापडबाजारात साड्यांचं दुकान. ती हिंदी साहित्यात एम. ए. करत होती, मराठी सगळं कळायचं, पण बोलायला गेली की वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत पोचायचं. स्थळं पाहायची वेळ आली तर पोट्टीचं मराठी सुधारलेलं बरं, असा वडिलांचा हिशेब होता. ती शेवटच्या खुर्चीवर बसायची, मांडीवर स्टीलची पाण्याची बाटली.  दुसऱ्याच रविवारी उठून थेट माझ्या टेबलाशी आली.

त्या दिवशी मी एका बापाची गोष्ट वाचली होती. मुलगी सासरी गेल्यावर तो रोज सकाळी तिच्यासाठी चहाचा एक कप जास्तीचा करतो आणि गार झाला की तुळशीत ओततो. सभागृहात नुसते नाक ओढल्याचे आवाज. आणि हिने येऊन पानावर पंजा ठेवला.

मी तिला समजावलं की झालं होतं की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. साहित्यातलं सत्य वेगळं, वर्तमानपत्रातलं वेगळं. लेखक अनुभवाचा अर्थ सांगतो, बातमी सांगत नाही. बरंच बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण मग सगळे रडले काहून?" ती म्हणाली. "तो माणूस तो है ही नहीं."

मी म्हटलं, पोहे गार होतात, चल.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या समोर आपण बेफिकीर थाप मारू शकत नाही. हिच्यासमोर कुणीच मारू शकत नसे. सुट्टीत ती वडिलांच्या दुकानात गादीवर बसायची. वडील गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत, रंग जाणार नाही म्हणून छातीवर हात ठेवत, आणि ही बाजूने म्हणायची, दीदी, पहिल्या धुण्यात थोडा जातो. वडिलांनी तिला गादीवरून उठवलं आणि दुकानात यायचंच बंद केलं. आमच्या घरी ती जेवायला आली तेव्हा बायकोने पुरणपोळी कशी झाली असं विचारलं. कडेला कडक आहे, मध्ये छान आहे, असं तिने सांगितलं. मला वाटलं आता संपलं. पण बायकोने त्या दिवसापासून तिला आपल्या पंखाखाली घेतलं. म्हणाली, इतक्या वर्षांत या घरात कुणी एवढं लक्ष देऊन खाल्लं नव्हतं.

एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला तिला लघुप्रबंध लिहायचा होता. विषय मिळाला 'साहित्यातील अर्थ आणि सत्य'. मार्गदर्शकांनी पुस्तकांची यादी दिली. ती यादीतली पुस्तकं आणून वाचायची आणि रविवारी माझ्यासमोर तक्रार मांडायची. सगळे सांगतात की गोष्टीत सत्य असतं, पण ते गोष्टीत येतं कुठून आणि बसतं कुठे, हे कुणीच दाखवत नाही. मी म्हणायचो, जाणवतं. ती म्हणायची, सर को लिखूँ क्या, जाणवतं म्हणून?

मला सुचलं ते अक्तीच्या दिवशी, त्यांच्याच घरी. अक्ती म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. इथे त्या दिवशी गल्लीगल्लीत मुलं मातीच्या बाहुल्यांची लग्नं लावतात आणि मराठी घरांत पितरांची घागर भरतात. तिच्या वडिलांनी मला आणि बायकोला जेवायला बोलावलं होतं. घागर भरून झाली, आमरसाचा वास सुटला, पाटही मांडले, पण कुणी बसेना. वडील एक पळसाचं पान घेऊन बाहेरच्या पायरीवर गेले. पानावर बासी होती, म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, इथलं उन्हाळ्याचं जेवण. सोबत मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि कैरीची एक फोड. वडील आडव्या अंगाचे, दुकानात त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जातो. पण पायरीवर ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आलीस काय माय? जेवून जा."

थोड्या वेळाने मागच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, भाजी विकणारी एक म्हातारी आली, टोपली खाली ठेवून पायरीवर बसली, जेवली आणि गेली. नैवेद्याचं पान शेवटी कुणीतरी खायचंच असतं, एवढंच मी समजलो. माझं सगळं लक्ष त्यामागच्या गोष्टीकडे होतं, आणि ती वडिलांनी जेवताना रंगवून सांगितली.

त्यांचा मूळ पुरुष भोसल्यांच्या फौजेत शिपाई होता. फौज पुढे निघाली तेव्हा त्याला तापाने घेरलं आणि अभनपूरच्या बाजूला एका तळ्याच्या काठी त्याला टाकून फौज निघून गेली. गावातल्या एका बाईने त्याला उचलून घरी नेलं आणि रोज बासी खाऊ घालून उभं केलं. पुढे तो रायपुरात स्थिरावला आणि साडी-चोळी घेऊन तिला भेटायला गेला, तर ती नव्हती. साथीत गेली होती. शिपाई तिच्या रिकाम्या उंबऱ्यावर पान मांडून बसला आणि म्हणाला, आलीस काय माय, जेवून जा. तेव्हापासून घरात अक्तीला आधी तिचं पान, मग सगळ्यांची. वडील हे सांगताना दर वेळी रडत असणार. त्या दिवशीही रडले. म्हणाले, "आपण इथले नाही भाऊ, आपल्याले या बाईनं इथलं केलं."

मुलीला पंजा ठेवायला पुस्तकाचं पान नव्हतं, म्हणून तिने तो ताटाशेजारी जमिनीवर ठेवला. प्रश्न मात्र विचारला नाही. घरातल्या गोष्टीला तिचा तो प्रश्न लागू नव्हता, हे माझ्या लक्षात आलं आणि गंमत वाटली. मी म्हटलं, प्रबंधासाठी हेच घे. इथल्या जुन्या मराठी घरांत जा आणि 'आम्ही इथे कसे आलो' या गोष्टी गोळा कर. या लिहिलेल्या नाहीत, सांगितलेल्या आहेत. यांतलं सत्य तुला हाताने चाचपता येईल.

ती कामाला लागली. फोनवर लोकांचं बोलणं टिपून घ्यायची आणि मला ऐकवायची. हिवाळ्याच्या सुमाराला एकदा आमच्या घरी आली ती कपाळाला आठ्या घालून. आणखी दोन घरांत तीच गोष्ट निघाली होती. तोच ताप, तेच तळं, तीच बासी. एका घरात शिपायाचा जमादार झाला होता, एवढाच फरक.

मी हरखून गेलो. म्हटलं, अगं, ही लोककथा आहे, केवढा मोठा धागा तुझ्या हाताला लागलाय. कदाचित हे सगळे एकाच तुकडीत असतील.

"काका, एक बाई इतक्या लोकांले बासी कशी खाऊ घालन?" ती म्हणाली. "आणि सगळ्यांनी तिले एकच वाक्य कसं म्हटलं?"

 मग मीच सुचवलं की मंडळातल्या सर्वांत जुन्या सभासदांना विचारू. हे आजोबा एके काळी मंडळाच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. आता कानाने गेलेले, घराबाहेर पडत नाहीत, पण जुन्या लोकांची खडान्खडा माहिती. एका रविवारी वाचन आटोपून आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. ते खाटेवर बसून मटार सोलत होते. ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन आपल्या घराण्याची गोष्ट सांगू लागली. शिपाई, ताप, तळं. आजोबांचे हात थांबले. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते, तिच्या बरोबरीने. शिपाई रिकाम्या उंबऱ्याशी येतो तिथे ती श्वास घ्यायला थांबली.

आजोबा पुढे वाकले आणि कुजबुजत, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतकं स्पष्ट म्हणाले, "आलीस काय माय? जेवून जा."

 तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तुम्हाला कसं माहीत, असं तिने विचारलं तेव्हा आजोबांना नवल वाटलं.

"मले नाही माहीत राहीन तं कोणाले?" ते म्हणाले. "पूर्ण नाटक मीच आतून सांगत होतो. तुझा आजा शिपाई होता. येन वेळेवर आखरी वाक्य भुलला."

ते नाटक मंडळातल्याच एका मास्तरांनी लिहिलं होतं. उन्हाळ्यात मंडळाच्या वर्धापनदिनाला एकदाच झालं. पुढे मास्तर गेले, संहिताही गेली. शेवटचं वाक्य आलं तेव्हा शिपाई पानासमोर नुसता उभा राहिला आणि सगळं सभागृह त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं. आजोबांनी आतून वाक्य दिलं. त्याने ते असं म्हटलं की बायकाच काय, पडदा ओढणारासुद्धा रडला आणि पडदा तसाच राहिला. जमादार आणि दुसरा शिपाई करणारे कोण होते, तेही आजोबांनी सांगितलं. तीच ती दोन घरं. भूमिका घरी नेल्या, पोरांना सांगितल्या, पोरांची पोरं झाली. आजोबा हसत होते. मटाराचा एक दाणा तोंडात टाकून म्हणाले, चांगलं नाटक होतं.

मला बसलेला धक्का मी लपवू शकलो नाही. चांगली शिकलेली माणसं, दुकानं चालवणारी, कचेऱ्यांत बसणारी, आणि एका एकांकिकेला पूर्वज समजून पितरांच्या दिवशी जेवू घालत होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी पोट धरून हसलो असतो. पण माझ्या डोळ्यांसमोर तिचे वडील येत होते, हातात पान घेतलेले. मला वाटलं होतं की ही मुलगी तरी खूश होईल. अखेर तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. ती पायऱ्या उतरताना भिंतीला धरून उतरली.

मी तिला बजावलं की प्रबंधात काय लिहायचं ते लिही, नावं बदल, पण वडिलांना सांगू नको.

"मी साऱ्या दुनियेले विचारत फिरते," ती म्हणाली, "आणि घरात चुप राहू?"

तिने सांगितलं. वडील जेवत होते. त्यांनी सगळं ऐकलं, आरडाओरडा केला नाही, आजोबांना खोटं पाडलं नाही. एवढंच म्हणाले, "मंग इतके वर्षं मी कोणाले जेवू घालत होतो?" आणि हात धुऊन उठले. हे तिने मला रडत सांगितलं. तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर मी मुद्दाम पंडरीत गेलो. या दुकानात गिऱ्हाइकाला साडीबरोबर ती तळ्याकाठची गोष्ट फुकट मिळायची. नवीन माणूस दिसला की ते सुरू व्हायचे. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला, आणि पंख्याकडे पाहत राहिले. मुलीशी ते कामापुरतं बोलत होते. राग धरला असता तर तिला चाललं असतं. ते रागावलेले नव्हते, त्यांना कसलीतरी लाज वाटत होती, आणि एवढा मोठा माणूस आपल्याच दुकानात असा अंग चोरून बसलेला पाहून मी हादरलो. ती तिकडे प्रबंध बाजूला टाकून बसली होती. बाबा पहिल्यासारखे बोलले नाहीत तर मला ही डिग्री नको, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं.

अक्तीच्या सकाळी तिचा फोन आला. "काका, तुम्ही या. बाबा आज पान लावून नाही राहिले."

मी एकटाच गेलो. घागर भरलेली होती, आमरस झाला होता. दार बंद होतं, ऊन लागतं म्हणून असं वडील म्हणाले, पण ऊन दर वर्षीच असतं. त्यांनी मला पाटावर बसायला सांगितलं. आई वाढायला लागली. ती भिंतीला टेकून उभी होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. तेवढ्यात कडी वाजली आणि बाहेरून त्या भाजीवाल्या म्हातारीचा आवाज आला, "कइसे भैया, आज नइ हे का?"

वडील हलले नाहीत. कडी पुन्हा वाजली.

"सांगून दे तिले," ते मुलीला म्हणाले.

"काय सांगू?" ती म्हणाली. "नाटक संपलं म्हणून सांगू?"

वडिलांनी मान खाली घातली. ती स्वयंपाकघराकडे वळली तर आई आधीच पातेलं घेऊन उभी होती. तिने रात्री नेहमीसारखा भात भिजवून ठेवला होता, कुणालाही न विचारता. मुलीने पानावर बासी घेतली, कांदा घेतला, मिरची घेतली. कैरीची एक फोड चिरून ठेवली. दार उघडून ती पायरीवर गेली आणि थांबली. मला वाटलं, ही आता नुसतं पान ठेवून येईल. जे झालेलं नाही ते ही मुलगी तोंडाने म्हणणार नाही.

"आलीस काय माय?" ती म्हणाली. "जेवून जा."

तिचं तेवढं वाक्य मात्र मी मनात दुरुस्त करत बसलो नाही.

"हव बेटी," म्हणत म्हातारी बसली. आणि मुलगीही तिच्यासमोर जमिनीवर बसली. इतक्या वर्षांत त्या पायरीवर तिच्याजवळ कुणी बसलं नव्हतं, पान ठेवून सगळे आत यायचे. हिने तिला दाई, म्हणजे इथली आई, अशी हाक मारून विचारलं की तू आमच्याकडे कधीपासून येतेस, आणि कशी काय येतेस. तिचं विचारणं तेच होतं, फक्त पंजा या वेळी पायरीवर होता.

म्हातारीने घास गिळला. ती नवी सून असताना टोपली घेऊन या गल्लीतून चालली होती, अक्तीच होती. या मुलीचा आजा या पायरीवर उभा होता.

"बबा इही मेर ठाढ़े रिहिस," ती म्हणाली. "कहिस, आलीस काय माय, जेवून जा. मोला बलावत हे समझेंव, बइठ गेंव."

म्हणजे तो नाटकाची तालीम करत होता. पायरीवर उभा राहून आपलं वाक्य घोकत होता, आणि ही बाई, आपल्यालाच बोलावतोय असं समजून, येऊन बसली. त्याने काय करावं? म्हातारी म्हणाली, तो आधी गोंधळला. मग आत गेला आणि खायला घेऊन आला. घरात होती ती बासी. ती सकाळपासून उपाशी होती. पुढल्या वर्षी अक्तीला ती या गल्लीतून जाताना सहज थबकली, तर तो पायरीवर उभा. तिला पाहून त्याने तेच वाक्य म्हटलं.

माझ्या मागे कुणीतरी उभं होतं. तिचे वडील दारात आले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. चौकटीला धरून, पोट सावरत ते खाली उतरले आणि पायरीवर म्हातारीच्या पलीकडे बसले. कुठे राहते, घरी कोण कोण आहे, असं काहीबाही त्यांनी तिला विचारलं. ती सांगत होती. आत आमरस गरम होत होता आणि आई कुणालाच हाक मारत नव्हती.

निघताना मुलगी मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली.  इतक्या रविवारी इतकं बोललो होतो आणि आता एक वाक्य सुचेना.

"काका, मी खोटं बोलले काय?" तिने विचारलं. "ती आली होती न? आणि जेवण होतं. मग त्यात खोटं काय होतं?"

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तिने यावर लिहिलं. मार्गदर्शकांनी विचारलं की याला संदर्भ काय. तिने पाऱ्याचं नाव सांगितलं आणि म्हणाली की सकाळी भाजी घेऊन बसते, भेटता येईल. त्यांनी ते प्रकरण परिशिष्टात ढकललं. पण डिग्री मिळाली आणि पुढच्या शिक्षणासाठी ती हैदराबादला गेली. वडील पुन्हा दुकानात मोठ्याने बोलू लागले. गोष्ट आता जास्तच लांबली आहे, कारण तिच्यात शिपाईही आहे, नाटकही आहे आणि टोपलीवालीही आहे. गिऱ्हाईक उठायला पाहतं तरी ते सोडत नाहीत. माझ्या रविवारच्या वाचनात मात्र आता सगळे शांतपणे त्याग आणि चिकाटी घेऊन पोहे खातात, आणि मला त्यांची चीड येते. शेवटच्या खुर्चीकडे माझं लक्ष जातं.

यंदा थंडीत म्हातारी गेली. तिच्या सुनेने दुकानात येऊन सांगितलं. मी नेमका तिथे होतो. वडिलांनी हातातली साडी घडीवर घडी घालत अगदी लहान करून टाकली. मी विचारलं, मुलीला कळवलंत? ते म्हणाले, "नाही. ते तिकडे एकटी हाय. रडत बसन." मी म्हटलं की कधीतरी सांगावं लागेल. त्यांनी ती साडी पुन्हा उलगडायला घेतली.

अक्तीला मी गेलो. त्यांनी दार उघडं ठेवलं होतं. पायरीवर पान मांडलं, उभे राहिले आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. समोर कुणी नव्हतं. गल्लीच्या टोकाला मुलं बाहुल्यांची वरात घेऊन चालली होती आणि डबा वाजवत होती. आम्ही दोघं आत येऊन दाराशीच बसलो. आई पाट मांडेना.

फोन वाजला. त्यांनी तो मला ऐकू येईल असा धरला.

"बाबा, आली काय ती?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "आली," ते म्हणाले.

"जेवली?"

"जेवली. आत्ताच गेली."

 आता ती विचारणार, हे मला दिसत होतं. तो प्रश्न मी इतक्या रविवारी ऐकलाय की कुठल्या शब्दावर तिचा आवाज चढतो तेही मला ठाऊक आहे. वडिलांच्या कपाळावर घाम आला होता. तिकडून नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "बरं."

आणि थोडं थांबून, "कैरी वाढली होती न, बाबा?"

"वाढली होती," वडील म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला.

ते मात्र खरं होतं. मी दारातून पाहिलं, फोड पानावर होती.